दम्याचा खोकला आणि घशाशी येणारं आंबट पाणी

रविवारी रात्री मटणाचं ताट, तांबडा रस्सा, वर पांढऱ्या रश्श्याच्या दोन-चार वाट्या आणि लगेच अंथरूण. कोल्हापुरात घरोघरचा हा बेत दमेकऱ्याला मध्यरात्री खोकत उठवून बसवतो. बोल लागतो रंकाळा तलावावरच्या गार वाऱ्याला. पोटातल्या आम्लाकडे कुणाचं लक्ष जात नाही.

गैरसमज: पित्त पोटाचं, दमा छातीचा, दोघांचा काय संबंध?
वस्तुस्थिती: अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू सैल पडला की आम्ल वर चढतं. त्याचा अंश श्वासनलिकेत उतरला तर तिला सूज येते. तिथवर पोचला नाही, तरी अन्ननलिकेतले मज्जातंतू चेतवले जाऊन श्वासनलिका आकसू शकते. उलट, खोकून खोकून पोटावर दाब आला की आम्ल आणखी वर येतं.

गैरसमज: छातीत जळजळत नाही, म्हणजे पित्त नाही.
वस्तुस्थिती: अनेकांना जळजळ होतच नाही. सकाळी आवाज बसणं, सारखं घसा खाकरणं, तोंड आंबट होणं, आडवं होताच ढास लागणं, या खुणा ओळखा.

गैरसमज: पित्ताची गोळी सुरू केली की दम्याचा पंप सोडता येतो.
वस्तुस्थिती: दमा आटोक्यात नसलेल्या, पण पित्ताचा फारसा त्रास नसलेल्या 412 रुग्णांवरचा अमेरिकेतला अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. सहा महिने गोळी घेऊनही त्यांच्या दम्यात फरक पडला नाही. ज्यांना पित्ताचा त्रास आहे, त्यांनी त्यावर उपचार जरूर घ्यावेत. पण पंप आपल्या मनाने बंद करणं जिवावर बेतू शकतं.

गैरसमज: तिखट सोडलं की झालं.
वस्तुस्थिती: तिखट सगळ्यांनाच बाधत नाही. जास्त नडतं ते तेलकट, तट्ट पोटभर आणि उशिराचं जेवण. रस्सा दुपारी घ्या. रात्री जेवण आणि झोप यांत तीन तास जाऊ द्या. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली सहा इंची लाकडी ठोकळे ठेवा. उशांची चळत नको, तिने पोट दुमडतं. डाव्या कुशीवर झोपा. वजन जास्त असेल तर उतरवा, तंबाखू सोडा.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर दमा किंवा पित्त म्हणून अंगावर काढू नका. कोल्हापुरातल्या सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात क्षयासाठी थुंकी तपासून घ्या. आणि डॉक्टरांना खोकला कधी येतो हे सांगताना, रात्री किती वाजता जेवता तेही सांगा.