पाहुण्यांचे पोहणे व शेततळे

कोकणात पाहुण्यांच्या जलक्रीडेस समुद्र आहे. बीड जिल्ह्यात ती हौस विहिरीवरच भागते. उन्हाळ्याच्या सुटीत आलेली मुले पाठीस वाळके भोपळे बांधून पायऱ्यांच्या विहिरीत पोहावयास शिकत, व तो खेळ उत्तमच होता. अलीकडे मात्र ती प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात उतरू लागली आहेत. विहिरीस पायरी असते, कपार असते. शेततळ्याच्या उतरत्या कडेवरील शेवाळलेला ओला कागद पट्टीच्या पोहणाऱ्यासही वर येऊ देत नाही. धडपड होते ती काठापासून दोन हातांवर! म्हणून कुंपणास कुलूप असावेच. शिवाय चारही बाजूंस गाठी मारलेले दोर मजबूत खुंटांना बांधून तळापर्यंत सोडावेत, आणि हवा भरलेली ट्यूब काठावर ठेवावी. बुडणाऱ्यामागे उडी घेऊ नये, दोर फेकावा.