जंतू मेल्याचा दाखला

नागपूर-भंडारा रस्त्यावरचे, कन्हानकाठचे मौदा हे तालुक्याचे गाव अलीकडे ओळखले जाते ते तेथील औष्णिक विद्युत केंद्राच्या चिमण्यांवरून. परंतु २३२० मेगावॅट क्षमतेच्या त्या केंद्रात शीतकरणासाठी फिरणाऱ्या पाण्यामुळे नळ्यांच्या आतल्या अंगाला जंतूंचा बुळबुळीत थर धरू नये म्हणून क्लोरीनची तजवीज ठेवावी लागते, हे रस्त्याने जाणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते. एवढ्या अवाढव्य कारखान्याला ज्या क्षुद्र जीवांची दखल घ्यावी लागते, त्यांना आवर घालणारे उपाय पारखण्याची पहिली तालीम या मुलखातील मुलामुलींना मिळते ती महाविद्यालयातील सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत.

जंतू मारण्याची साधने तशी कोणाच्याही घरी असतात. तो मेला हे शाबीत करणे, हा प्रयोगशाळेचा खरा मामला. क्लोरीन घातलेले नळाचे पाणी तपासणीसाठी भरून आणायचे, तर बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट घालून ठेवण्याचा शिरस्ता आहे. कारण ते नसेल तर वाटेत उरलासुरला क्लोरीन आपले काम करीतच राहतो, आणि नळाशी जिवंत असलेले जंतू प्रयोगशाळेत पोचेपर्यंत मरून पाण्याला न मिळवलेली शुद्धता बहाल करतात.

या शाळेतील वडीलधारे यंत्र म्हणजे ऑटोक्लेव्ह. पाश्चरचे सहकारी शांबरलां यांच्या नावाशी त्याचा उगम जोडला जातो, आणि स्वयंपाकघरातील कुकरशी त्याचे नाते उघडच आहे. उकळत्या पाण्याला दाद न देणारे बीजाणू वाफेच्या १५ पौंड दाबाखाली, १२१ अंश सेल्सिअसला, १५ मिनिटांत निकालात निघतात; परंतु आतली हवा आधी बाहेर जाऊ दिली नाही, तर काटा इमानेइतबारे १५ पौंड दाखवीत असताना उष्णता शंभराच्या आसपासच रेंगाळते. म्हणून काट्याची साक्ष पुरेशी न मानता बीजाणूंची एक पट्टी सामानाच्या मधोमध ठेवतात, व नंतर ती पोषक द्रवात टाकून ५५ ते ६० अंशांवर वाढ होते का ते पाहतात. शेजारी, यंत्राचे तोंडही न पाहिलेली दुसरी पट्टी तशाच द्रवात ठेवलेली असते. तिच्यात वाढ झाली पाहिजे. ती झाली नाही, तर पहिलीच्या स्वच्छ द्रवाला कवडीचीही किंमत नाही. नव्या विद्यार्थ्याला ही दुसरी नळी फुकटची वाटते, आणि जर्नलात तिचा रकाना तो बहुधा मागाहून भरतो.

ही दक्षता पुस्तकी नव्हे. परळच्या ज्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन यांचे नाव मिळाले, तेथून गेलेल्या प्लेगच्या लशीच्या एकाच बाटलीतून १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मलकोवाल गावी टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. लस निर्जंतुक राखण्यासाठी कार्बोलिक आम्ल घालण्याची रीत सोडून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली, हा लस तयार करणारे प्रयोगशाळेचे प्रमुख हाफकिन यांचा कसूर मानला गेला, आणि त्यांना पदाला मुकावे लागले. पुढे चौकशीचे कागद पुन्हा तपासले गेले, दोष गावी बाटली उघडतानाच्या हयगयीकडे निघाला, आणि १९०७ साली ते निर्दोष ठरले. निर्जंतुक केलेली वस्तू नंतर कोणाच्या हाती लागली, हेही दप्तरात असावे लागते, याचा याहून कडू दाखला मला ठाऊक नाही.

रसायनांची पारख मात्र वेगळ्या वळणाने जाते. काळ्या फिनाईलच्या डब्यावरील आर.डब्ल्यू. हा आकडा १९०३ साली रिडील आणि वॉकर यांनी बसवलेल्या कसोटीचा: विषमज्वराच्या जंतूंवर फिनाईल व कार्बोलिक आम्ल यांची निरनिराळी पातळ द्रावणे सोडायची, अडीच अडीच मिनिटांनी तारेच्या फासाने थेंब उचलून नव्या द्रवात घालायचा, आणि कोण किती पातळ असूनही तेवढ्याच वेळात मारतो ते ताडून पाहायचे. कसोटी चोख आहे, पण स्वच्छ पाण्यातली. गोठ्यातल्या शेणामुताशी गाठ पडली की औषधाचा बराच भाग त्या घाणीतच खर्ची पडतो. चिक आणि मार्टिन यांनी १९०८ साली कसोटीत मुद्दाम मळ मिसळला तो याचसाठी. माझ्या मते, आधी गोठा झाडून-धुवून काढा आणि मग फिनाईल शिंपडा, हे मौद्याकडच्या शेतकऱ्याला सांगण्यासारखे या विद्येतील सर्वांत उपयोगी वाक्य आहे.

विदर्भातील प्रयोगशाळेला आणखी एक अडचण सोसावी लागते, जिचा विलायती पुस्तकांत उल्लेखही नसतो. मूळ रिडील-वॉकर कसोटी १७-१८ अंशांची. इकडे वैशाखात नळाचे पाणीच त्याच्या दुपटीला भिडते, तेव्हा बर्फाच्या पाण्यात नळ्या धरून बसावे लागते. साधा इनक्युबेटर तर केवळ तापवू जाणतो, निववू जाणत नाही. खोलीतच पारा ४२-४३ वर गेला, की ३७ अंशांचा हुकूम तो पाळणार कसा? अशा दिवशी प्लेटवर वाढ दिसली नाही, तर जंतू औषधाने मेला की नागपूरच्या उन्हाने, याचा फैसला पुन्हा, मघाच्या दुसऱ्या पट्टीसारख्याच, औषध न लावलेल्या प्लेटकडूनच घ्यावा लागतो. आणि शीतकाची सोय असलेला इनक्युबेटर पदरी नसेल, तर ही प्रात्यक्षिके होळीपूर्वी उरकून घ्यावीत हे बरे.