स्टंटवाले (भाग ५) : पाठ टेकणारा पैलवान

मास्टर विठ्ठलांवरचा गेल्या आठवड्याचा भाग वाचून पनवेलमधल्या जुन्या मंडळींचे फोन आले. पण बोलायचं होतं ते दारासिंगांबद्दल, आणि प्रश्न एकच : त्यांच्या कुस्त्या खऱ्या होत्या की नूरा, म्हणजे आधी ठरवून केलेल्या? प्रश्नामागची तळमळ कळते. साठच्या दशकात इथून वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर फ्रीस्टाईल बघायला जायचं म्हणजे ठाण्याला वळसा पडे. वाशीचा खाडीपूल झाला तो १९७३ मध्ये. एवढी यातायात करून बघितलेली कुस्ती खोटी निघाली तर जिवाला लागणारच.

आधी किताब बघू. अमृतसर जिल्ह्यातल्या धर्मूचकचा १९२८ चा जन्म. १९४७ मध्ये हा तरुण सिंगापूरला गेला, ड्रम बनवणाऱ्या कारखान्यात कामाला लागला आणि तिथेच व्यावसायिक कुस्तीत उतरला. १९५४ मध्ये रुस्तम-ए-हिंद, १९५९ मध्ये कोलकात्यात राष्ट्रकुल विजेता. २९ मे १९६८ रोजी मुंबईत त्यांनी अमेरिकेच्या लू थेझला हरवलं आणि ते ‘जगज्जेते’ म्हणून मिरवू लागले. यात थोडी मेख आहे. थेझ तेव्हा बावन्न वर्षांचा होता आणि त्याच्याकडचा ‘एनडब्ल्यूए’चा मानाचा किताब १९६६ मध्येच जीन किनिस्कीने जिंकून नेला होता. तरीही थेझ हा अस्सल पैलवान होता, पोकळ नाव नव्हे.

आता नूराचं. व्यावसायिक फ्रीस्टाईलमध्ये निकाल बहुधा ठरलेला असतो, हे जगजाहीर आहे. हंगेरियन वंशाच्या किंग काँगला, म्हणजे सुमारे दोनशे किलोंच्या एमिल चायाला, दारासिंगांनी डोक्यावर उचलल्याचं अजून सांगतात. दारासिंगांच्या ताकदीबद्दल शंका नको. पण अंग सैल सोडलेला किंवा धडपडणारा तेवढा देह कोणालाच डोक्यावर नेता येत नाही. उचलला जाणारा आधी स्वतः उसळी घेतो, मग अंग ताठ ठेवून तोल सांभाळतो. तेव्हा निम्मी करामत खालच्याची, निम्मी वरच्याची.

आणि पडणं? ते मात्र खोटं नसतं. रिंग म्हणजे लोखंडी सांगाड्यावर फळ्या, त्यावर बेताची गादी. पडताना हनुवटी छातीला टेकवायची, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. पाठीचा वरचा रुंद भाग आणि दोन्ही तळवे एकाच क्षणी खाली यायला हवेत, म्हणजे मार एका जागी न बसता अंगभर वाटला जातो. खालच्या पोकळीमुळे आवाज दणकून येतो आणि प्रेक्षक हळहळतात. क्षणभर चुकलं तर खांदा निखळतो, मान जाते.

मातीतल्या पैलवानाला हे शिकणं किती जड गेलं असेल! आपल्याकडे पाठीला माती लागली की कुस्ती संपली. तालमीत पोरगं पहिल्या दिवसापासून पाठ राखायला शिकतं. फ्रीस्टाईलमध्ये तीच पाठ एका संध्याकाळी अनेकदा टेकावी लागते, तीही तिकीट काढून आलेल्यांसमोर. आमच्याकडची तालमीतली माणसं या प्रकाराला नाकं मुरडायची ती यामुळेच. मला मात्र वाटतं, दारासिंगांचं स्टंटचं शिक्षण इथेच झालं. कॅमेऱ्यापुढे येण्याआधीच समोरच्याला न मोडता पाडायचं कसब त्यांच्या हाती होतं.

ऑलिंपिकची पाच सुवर्णपदकं मिळवणारा जलतरणपटू जॉनी वाइसमुलर १९३२ मध्ये टारझन झाला, तेव्हापासून विजेत्यांचं शरीर पडद्यावर विकलं जातं हे निर्मात्यांना ठाऊक होतं. मुंबईत ही नाडी ओळखली बाबूभाई मिस्त्रींनी. काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने वस्तू हलवून चमत्कार घडवणारे म्हणून त्यांना ‘काला धागा’च म्हणत. त्यांचा ‘किंग काँग’ १९६२ चा. दारासिंग नायक, कुमकुम नायिका. मग ‘फौलाद’, ‘सॅमसन’, ‘हर्क्युलिस’ आणि १९६५ मध्ये दिल्लीला येणारा टारझनसुद्धा. नावाजलेल्या नायिका या स्टंटपटांपासून लांबच राहत. तिथे जागा मिळाली मुमताजला. दोघांचे सोळा चित्रपट झाले. पुढे ती ‘खिलौना’पर्यंत पोहोचली, दारासिंग मात्र स्टंटपटांच्याच रांगेत राहिले. अभिनय त्यांना फारसा येत नव्हता, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावं. ‘रामायण’मधला हनुमान मात्र दुसऱ्या कोणाचा डोळ्यांपुढे येत नाही. १९८७ मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा ते साठीला टेकले होते.

एक गोष्ट मला या सगळ्यात खटकते. रिंगमध्ये ते पाडत तसे पडतही. पडद्यावर नायक झाल्यावर त्यांच्या वाट्याला पाडणंच उरलं. त्यांच्या एका ठोशासरशी टेबलावर, जिन्यावरून, घोड्यावरून कोसळणारे जे होते, त्यांची नावं श्रेयनामावलीत शोधूनही सापडत नाहीत. किताब असलेल्याला नाव मिळालं, बिनकिताबाच्यांना रोजंदारी.

पुढच्या आठवड्यात त्या दुसऱ्या गटाकडे वळू. सुरुवात रेश्मा पठाणपासून. ‘शोले’त बसंतीचा टांगा उलटला, तेव्हा मार खाल्ला तो हेमामालिनींनी नव्हे, रेश्मानं.