बाह्य यूएसबी साधनावरून संगणकाचा आरंभ : अडचणी व उपाय

बिदर व कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांतील औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद आदी तालुक्यांत मराठी व कन्नड या दोन्ही भाषा नित्य व्यवहारात नांदत आल्या आहेत. साहजिकच येथील शाळा, ग्रंथालये व संस्था यांच्या संगणकांत दोन्ही भाषांतील कागदपत्रे साठविलेली आढळतात. एखादे दिवशी असा संगणक सुरू होईनासा झाला, तर निकालपत्रके, इतिवृत्ते व हिशेब सर्वच अडकून पडतात. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० या कार्यप्रणालीचे नियमित साहाय्य संपुष्टात आले असून, पुष्कळसे जुने संगणक विंडोज ११ च्या अटी पूर्ण करू शकत नाहीत. अशा दोन्ही प्रसंगी पेन ड्राइव्ह अथवा बाह्य हार्ड डिस्कवरून दुसरी कार्यप्रणाली चालविणे हा उपयुक्त मार्ग ठरतो. चेन्नई येथील सी-डॅक या केंद्रीय संस्थेने विकसित केलेली 'बॉस' ही कार्यप्रणाली किंवा उबुंटू यांचा त्यासाठी उपयोग करता येतो.

आरंभाची प्रक्रिया

संगणकास वीज मिळताच मुख्य फलकावरील मूलभूत आज्ञावली प्रथम जागी होते. जुन्या यंत्रांत तिला बायोस, तर अलीकडील यंत्रांत यूईएफआय म्हणतात. ती यंत्राच्या भागांची तपासणी करते आणि ठरवून दिलेल्या क्रमाने साठवण साधनांचा शोध घेते. बायोस साधनाच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांच्या विभागात आरंभाची सूचना शोधतो. यूईएफआय मात्र फॅट ३२ पद्धतीच्या विभागातील विशिष्ट फाइल शोधते. ती सापडली की कार्यप्रणालीचा गाभा स्मृतीत उतरतो व पुढील काम त्याच्या स्वाधीन होते. हा क्रम ध्यानात असला, म्हणजे बिघाड कोणत्या पायरीवर आहे हे ओळखणे सुलभ होते.

साधन यादीत दिसत नसल्यास

यंत्र सुरू होताच एफ १२, एफ ९ अथवा एस्केप यांपैकी त्या कंपनीने नेमून दिलेली कळ दाबल्यास आरंभ साधनांची यादी पडद्यावर येते. तीत पेन ड्राइव्हचे नाव नसेल, तर प्रथम यूएसबीची जागा बदलून पाहावी. जोडफाटा काढून साधन थेट यंत्राच्या मागील बाजूस जोडणे श्रेयस्कर होय. बाह्य हार्ड डिस्कला वीज अपुरी पडण्याचाही संभव असतो. यूएसबी २ च्या मुखातून प्रमाणानुसार ५०० मिलिॲम्पिअर, तर यूएसबी ३ च्या मुखातून ९०० मिलिॲम्पिअर विद्युतप्रवाह मिळतो. दिनांक व वेळ प्रत्येक वेळी चुकत असेल, तर मुख्य फलकावरील नाण्याएवढा विद्युतघट क्षीण झाला असे समजावे. तो बदलल्याखेरीज निश्चित केलेला आरंभक्रम यंत्राच्या ध्यानात राहणार नाही.

साधन दिसते, परंतु आरंभ होत नसल्यास

येथे सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे कार्यप्रणालीची आयएसओ फाइल पेन ड्राइव्हवर केवळ नकलून ठेवणे. ती फाइल रुफस किंवा इचर यांसारख्या साधनाने विधिवत लिहावी लागते. या लेखनात पेन ड्राइव्हवरील पूर्वीचा सर्व मजकूर नष्ट होतो, याची जाणीव ठेवावी. उतरवून घेतलेली फाइल अपुरी असल्यासही आरंभ होत नाही. म्हणून तिची पडताळणी-संख्या मूळ संख्येशी ताडून घ्यावी. त्यानंतर पेन ड्राइव्ह ज्या पद्धतीसाठी तयार केला, तीच पद्धत यंत्रात निवडली आहे काय, हे पाहावे. ३२ बिटांच्या यंत्रावर ६४ बिटांची कार्यप्रणाली चालत नाही, हेही विसरू नये.

'सिक्युअर बूट' ही सुरक्षा व्यवस्था अनोळखी कार्यप्रणालीस अटकाव करते. ती तात्पुरती बंद करता येते. परंतु मूळ डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास विंडोज पुढील वेळी ४८ अंकी पुनःप्राप्ती संख्या मागण्याचा संभव असतो. ती संख्या हाती नसताना हा बदल करू नये.

मध्येच थांबल्यास

आरंभ होऊन पडदा काळा राहिला, तर दोष बहुधा चित्रफलकाच्या चालक आज्ञावलीत असतो. अशा वेळी आरंभसूचीतील सुरक्षित चित्रणाचा पर्याय निवडावा. बाह्य डिस्कवर कायम स्वरूपात बसविलेली लिनक्स प्रणाली 'इनिट्रामएफएस' असे लिहून थांबली, तर तिला आपली मूळ डिस्क सापडली नाही, असा अर्थ होतो. यूएसबीची जागा बदलून व काही क्षण थांबून पुन्हा प्रयत्न करावा.

अभिलेखांची जपणूक

प्रणाली सुरू झाल्यावर 'प्रतिष्ठापना' हा पर्याय न निवडता 'वापरून पाहा' हाच पर्याय निवडावा. पहिल्या पर्यायात डिस्क पुसण्याची अनुमती नकळत दिली गेल्यास वर्षानुवर्षांचे अभिलेख क्षणार्धात नाहीसे होऊ शकतात. प्रथम सर्व फाइली दुसऱ्या बाह्य साधनावर उतरवून घ्याव्यात व नंतरच अन्य दुरुस्तीस हात घालावा. डिस्कमधून खडखडाट ऐकू येत असल्यास यंत्र वारंवार सुरू करू नये. ते तज्ज्ञाकडे सोपवावे.

नव्या प्रणालीत जुन्या फाइली उघडल्यावर मराठी मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसली, तरी घाबरून जाण्याचे कारण नाही. मराठी कागदपत्रे श्रीलिपीत आणि कन्नड कागदपत्रे नुडीत टंकित करण्याचा प्रघात दीर्घकाळ होता. युनिकोडपूर्व सांकेतिक पद्धतीतील हा मजकूर त्या त्या टंकाशिवाय वाचता येत नाही. तथापि तो नष्ट झालेला नसतो. मूळ फाइली जशाच्या तशा जपून त्यांच्या प्रती युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्यात.

पूर्वतयारी

संगणक बंद पडल्यावर पेन ड्राइव्ह तयार करण्यासाठी दुसरा संगणक शोधावा लागतो. म्हणून प्रत्येक संस्थेने असा एक पेन ड्राइव्ह आधीच तयार करून, त्याची एकदा चाचणी घेऊन, कपाटात ठेवावा. त्यासोबत यंत्राची आरंभकळ व बिटलॉकरची संख्या कागदावर लिहून कुलपात ठेवावी. एवढी दक्षता घेतल्यास यंत्र जुने झाले, तरी त्यातील दोन्ही भाषांचा ठेवा सुरक्षित राहण्यास निश्चितच साहाय्य होईल.