विदा-संस्करणातील आज्ञावली भाषेची निवड

विदा-संस्करणातील आज्ञावली भाषेची निवड : प्रचंड विदेचे ग्रहण, शुद्धीकरण, गणन व साठवण या क्रिया ओळीने घडवून आणणाऱ्या संगणकीय आज्ञावलींच्या साखळीचा वेग यंत्रसामग्रीप्रमाणेच आज्ञावलीच्या भाषेवरही अवलंबून असतो.

या भाषांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. फोर्ट्रान, सी इ. भाषांतील आज्ञावलीचे संकलकाद्वारे आधीच यंत्रभाषेत रूपांतर होते व स्मृतीच्या वापरावर आज्ञावलीकाराचे थेट नियंत्रण राहते. जावा व स्काला यांतील आज्ञावली आभासी यंत्रावर चालते. तीत निरुपयोगी स्मृती आपोआप मोकळी होते, परंतु त्या वेळी गणन क्षणभर थबकू शकते. हडूप ही प्रणाली मुख्यत्वे जावात, तर स्पार्क स्कालात लिहिलेली आहे. पायथॉनमध्ये लेखन सुलभ असते. मात्र आज्ञांचा अर्थ चालतेवेळी लावला जात असल्याने पुनरावृत्त गणनात ती बरीच मंद ठरते.

या निवडीचे उत्तम उदाहरण पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत आढळते. तीत प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्या असून प्रत्येकीपासून दोन ध्रुवणांचे संकेत मिळतात. ४०० मेगॅहर्ट्‌झ रुंदीच्या पट्ट्यासाठी प्रत्येक संकेताचे सेकंदाला ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. नमुना ४ बिटांचा धरला, तरी ६० संकेतांची मिळून सेकंदाला २४ अब्ज बाइट विदा होते. एवढी विदा साठवून सवडीने तपासणे नित्याच्या निरीक्षणात व्यवहार्य नसते. तबकड्यांच्या ४३५ जोड्यांचे सहसंबंध तत्काळ काढावे लागतात. गणन मागे पडल्यास त्या क्षणाचे निरीक्षण कायमचे नष्ट होते. म्हणून या टप्प्यासाठी २०१० च्या सुमारास सी भाषेतील व पुढे सुधारित दुर्बिणीत आलेखिकी प्रक्रियकांसाठीच्या कूडा या सी-सदृश भाषेतील आज्ञावली योजण्यात आली.

सहसंबंध काढून काही सेकंदांची सरासरी घेतलेली विदा पुष्कळच लहान असते. तिच्यापासून आकाशाची प्रतिमा तयार होण्यास विलंब लागला, तरी हानी होत नाही. येथे चुका शोधण्याची व पद्धत बदलण्याची सोय अधिक मोलाची असते. १५० मेगॅहर्ट्‌झवरील टीजीएसएस सर्वेक्षणाची २०१०–१२ मधील विदा पुन्हा संस्कारित करून २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यासाठी वापरलेली स्पॅम ही आज्ञावली पायथॉनमध्ये आहे. तथापि तिच्या आज्ञेने होणारे बरेचसे जड गणन १९७८ पासून विकसित होत आलेल्या, फोर्ट्रानमधील एआयपीएस या संचात होते. अशा जोडकामात विदा एकेक अंकाने न देता मोठ्या गटांनी द्यावी लागते. अन्यथा दोन भाषांमधील देवघेवीतच वेळ खर्ची पडतो.

भाषा बदलण्यापूर्वी विलंबाचे मूळ मोजून पाहणे आवश्यक असते. एकूण वेळेपैकी ८०% वेळ चकतीवरून वाचनात जात असेल, तर गणन दहापट जलद करूनही एकूण वेळ केवळ १८ टक्क्यांनी घटतो. सारांश, जेथे विलंब म्हणजे विदेचा नाश तेथे यंत्राच्या निकटची भाषा आणि जेथे विदा सुरक्षित आहे तेथे मनुष्यश्रम वाचविणारी भाषा, ही विभागणी सामान्यतः हितावह ठरते.