आ करा!

डॉक्टरांकडे गेल्यावर लहानपणापासून आपण दोन शब्द ऐकत आलो आहोत : 'आ करा.' बॅटरीचा उजेड पडतो, जीभ दाबली जाते आणि क्षणभरात काम उरकतं. त्या क्षणात ते काय पाहतात, हे मात्र आपण सहसा विचारत नाही.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८पासून आपल्या नाशिकमध्ये आहे. राज्यभरचे भावी डॉक्टर या विद्यापीठाच्या परीक्षा देतात. डोक्यापासून मानेपर्यंतची तपासणी त्यांच्या पहिल्या धड्यांपैकी एक. खालची पापणी ओढून आतला रंग पाहायचा. फिका असेल तर रक्तक्षयाची शंका. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला तर कावीळ. कानात पाहताना मोठ्या माणसाची पाळी वर आणि मागे ओढतात, म्हणजे आतली वाट सरळ होते. 'आ' म्हणायला लावतात, कारण त्या स्वरासरशी टाळू वर उचलली जाते आणि घसा दिसतो. मग पाठीमागे उभं राहून मान चाचपतात, घोटभर पाणी गिळायला सांगतात. गिळताना गाठ वरखाली सरकली, तर ती बहुधा थायरॉइडची. जबड्याखाली अवधाण आलंय का, तेही बोटांनाच कळतं.

या साऱ्यात आपल्या मुलखात सर्वांत मोलाचं आहे ते तोंडात डोकावणं. जगातल्या तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे एक तृतीयांश रुग्ण एकट्या भारतात आढळतात. तंबाखू-चुन्याची पुडी, गुटखा, आणि घरातल्या बायकांची मशेरी! महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. सवय मात्र गेली नाही. आम्हा कवींच्या मैफलीतही पानाचं तबक फिरतं. ज्या तोंडानं शब्द उच्चारायचे, त्याच तोंडात आपण हे विष धरून बसतो. शरद पवारांवर २००४ साली तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. तंबाखूविरुद्ध ते पुढे जाहीरपणे बोलले. आर. आर. आबांना याच रोगानं फेब्रुवारी २०१५मध्ये आपल्यातून नेलं. वय अवघं सत्तावन्न.

हा रोग पोटातल्या रोगासारखा लपून बसत नाही. बहुतेक वेळा तो आधी खूण करतो, आणि ती डोळ्यांना दिसते. केरळात तिरुवनंतपुरम परिसरात वैद्यकीय पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडं तपासली. २००५ साली निष्कर्ष आले : तंबाखू किंवा दारूचं व्यसन असणाऱ्यांत या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटले. साधन काय, तर उजेड आणि पाहणारी नजर.

स्वतःचा कंठ आधी कोणी पाहिला, ठाऊक आहे? १८५४ साली मान्युएल गार्सिया या गायन-शिक्षकानं, दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून! आपल्याला तर तेवढं खोलही जायचं नाही.

महिन्यातून एकदा चूळ भरून आरशासमोर उभे राहा. गालांच्या आत, ओठांमागे, जिभेखाली, जिभेच्या दोन्ही कडांना पाहा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? दोन-तीन आठवड्यांत न भरलेलं तोंडातलं व्रण आहे का? आपली तीन बोटं उभी तोंडात जातात का? आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला आहे का? मानेत न दुखणारी गाठ लागते का? यातलं काहीही आढळलं, तर मलम लावत बसू नका. दंतवैद्य, नाक-कान-घसा तज्ज्ञ किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. प्रत्येक चट्टा म्हणजे कर्करोग नव्हे. पण ते ठरवण्याचं काम आपलं नाही, त्यांचं आहे. आणि दुखत नाही म्हणून थांबू नका, कारण सुरुवातीला ते बहुधा दुखतच नाही.

आणखी एक. घरातली पुरुषमंडळी निदान दवाखान्याची पायरी चढतात. चुलीपाशी तवा ठेवून मशेरी भाजणारी आई, मावशी, खाला मात्र पदर तोंडाला लावून 'मला काय झालंय' म्हणते. तिला आधी उजेडात बसवा आणि आदरानं म्हणा, 'जरा आ कर.'

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)