ओढ्याचे जुने रहिवासी

शिष्यांना मी नेहमी सांगतो, ‘समेची तयारी सम येण्याआधीच ठेवा.’ दरबारात गाणाऱ्या तीर्थरूपांची ही शिकवण. अमेरिकेतल्या एका पाणकिड्याला ती उपजतच ठाऊक असते, हे वाचनात आले आणि नवल वाटले.

अ‍ॅरिझोनाच्या रखरखीत डोंगरांत पुष्कळ ओढ्यांना डबक्यांपुरतेच पाणी असते. जुलै ते सप्टेंबरमध्ये गडगडाटी पाऊस येतो. तिथेही त्याला मॉन्सूनच म्हणतात. तो कोसळला की याच ओढ्यांना अचानक लोंढा येतो. त्यांत ‘अ‍ॅबेडस हर्बर्टी’ नावाचा, इंच-दीड इंचाचा किडा राहतो. मादी नराच्या पाठीवर अंडी घालते आणि पिले बाहेर पडेपर्यंत बाप ती वागवतो. ऑरेगन स्टेट विद्यापीठातले जीवशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड लिटल यांचा या किड्यावरचा निबंध १९९९ साली प्रसिद्ध झाला. जोराचा पाऊस काही वेळ टिकला, की हे किडे लोंढ्याआधीच पाण्याबाहेर येऊन काठ चढतात आणि दिवसभरात परततात. कृत्रिम पाऊस पाडला तरी ते तसेच निघतात. पुराची वाट न पाहता ते पावसाचीच खूण धरतात.

पुराला चकवणारा हा किडा अवर्षणापुढे मात्र हतबल ठरतो, कारण त्याला उडता येत नाही. व्हेटस्टोन डोंगरातल्या फ्रेंच जो कॅनियनमध्ये बारमाही डबकी होती. या शतकाच्या आरंभीच्या अवर्षणात ती पार आटली. मायकेल बोगन व लिटल यांनी त्याआधीची आणि नंतरची मिळून आठ वर्षांची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध केली. पाणी परत आले, उडू शकणारे लहान जीव आले, आणि एकूण जाती फारशा घटल्या नाहीत. पण मोठे, दीर्घायुषी रहिवासी गेले. डबक्यातला सर्वांत मोठा शिकारी असलेला हा किडा परतला नाही.

नुसती शिरगणती करणाऱ्याला ओढा पूर्ववत झाला असेच वाटले असते. माझ्या वडिलांच्या काही चिजा त्यांच्याबरोबरच गेल्या. शहरात आज गाणारे कमी नाहीत, पण त्या चिजा कोणाच्याच गळ्यात नाहीत. अशा जीवांना ऐन उन्हाळ्यातही न आटणारे एखादे डबके पुरते. ते आटू न देणे, एवढेच माणसाच्या हाती असते.